बाळाने डिप चाटलं, आता?

पत्र :

माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. मुलाला केचपशिवाय घास उतरत नाही. उकडलेला बटाटा, अंडं, टोस्ट, सगळं बुडवूनच. मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते, टेबलावर मध-मोहरीचं डिप होतं. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात त्याने टोस्टची कड डिपमध्ये बुडवून बहिणीच्या तोंडात दिली. तिने चाटली आणि वर आणखी मागायला लागली. बाळाला मध देत नाहीत एवढं मला माहीत होतं, त्यामुळे पोटात गोळाच आला. अजून तरी ती ठीक आहे. पण घरात वाद सुरू झालाय. सासूबाई म्हणतात, वर्षाची होईपर्यंत सगळं अळणी आणि सपकच द्यायचं, एकदा चव लागली की दूध सोडेल. नवऱ्याचं म्हणणं, आपण खातो ते बोटाने चाटवलं तर काय बिघडतं? तिला दही, गहू, अंडं, फळं सुरू आहेत. शेंगदाणे अजून दिलेले नाहीत, कारण कोपराच्या वळणात कोरडे, खाजरे चट्टे येतात आणि डॉक्टरांनी सौम्य एक्झिमा सांगितलाय. टोमॅटो खाल्ला की तोंडाभोवती लाल होतं. सॉस, डिप असले चवीचे प्रकार तिला द्यावेत का, आणि कसे? मोठ्याच्या केचपचं काय करू?

– एक आई

उत्तर :

ताई, आधी मधाचं बोलू, म्हणजे बाकीचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात आधीपासून मुक्कामाला असलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत, म्हणून मोठ्यांना मध बाधत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून पुरती बसलेली नसते. तिथे बीजाणू रुजले तर विष तयार होतं आणि त्याने स्नायू ढिले पडतात. बाळांमधला हा आजार १९७६ मध्ये पहिल्यांदा वेगळा ओळखला गेला. तो दुर्मीळ आहे, आणि टोस्टच्या कडेला लागलेलं डिप एकदा चाटून तो होण्याची शक्यता फारच कमी. बाळ हसत-खेळत असेल तर औषध नको, तपासण्या नकोत. फक्त नजर ठेवा. लक्षणं साधारण ३ ते ३० दिवसांत दिसतात, म्हणजे घटनेपासून महिनाभर लक्ष असू द्या. बहुतेक वेळा सुरुवात बद्धकोष्ठतेने होते. मग दूध ओढायची ताकद कमी होते, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान पुन्हा लटपटायला लागते. यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा आणि मध चाटला होता हे आपणहून सांगा. एक दिवस शी झाली नाही म्हणून मात्र घाबरून जाऊ नका. घन आहार नुकता सुरू झालेल्या बाळांचं पोट तसंही मागेपुढे होतच असतं.

मधाची दुसरी गोष्ट अशी की तो शिजवून निर्धोक होत नाही. हे बीजाणू घरच्या उकळीने मरत नाहीत, ओव्हनमधल्या भाजण्यानेही नाही. त्यामुळे मध घातलेली बिस्किटं, मध लावून भाजलेले पदार्थ, बार्बेक्यू सॉस, तेरियाकी, बरीचशी सॅलड ड्रेसिंग आणि काही तयार पीनट बटरही वर्षापर्यंत बाद. बाटलीवर पुढे नुसतं ‘बार्बेक्यू’ लिहिलेलं असतं, मध मागच्या बारीक अक्षरात सापडतो.

आता त्या वाटीकडे जरा नीट बघू. मध-मोहरीच्या डिपमध्ये मध असतो आणि मोहरी असते, हे झालं नावातलं. त्यात बहुतेक वेळा मेयोनीज असतं, म्हणजे अंडं आलं. शिवाय व्हिनेगर, मीठ, साखर. तुमच्या मुलीने एका चाटण्यात पाच-सहा गोष्टींची भेट घेतली. त्यातलं अंडं ओळखीचं होतं आणि मोहरी बहुधा नवी. समजा त्या संध्याकाळी तिच्या अंगावर गांधी उठल्या असत्या, तर नेमका दोष कुणाला द्यायचा? सॉस आणि डिप यांच्याबाबत मला सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते. तिखटाची भीती सगळ्यांना असते, पण ते जिभेवर लगेच कळतं तरी. मिश्रणात काय काय दडलंय ते कळत नाही. म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा : ज्या वस्तूंची बाळाला ॲलर्जी होऊ शकते, त्यांची पहिली ओळख कधीही सॉसमधून होऊ देऊ नका. ती वस्तू आधी एकटी, साधी, सकाळच्या वेळी द्या. ती पचली, मानवली, की मग तिचं डिप खुशाल करा.

कुठल्या सॉसमध्ये काय लपलेलं असतं याची थोडी कल्पना असलेली बरी. हमस म्हणजे वाटलेले चणे, एवढंच अनेकांच्या डोक्यात असतं, पण त्यात ताहिनी असते, म्हणजे तीळ. तिळाची ॲलर्जी आता इतकी गांभीर्याने घेतली जाते की अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तीळ स्पष्ट लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. पेस्टोमध्ये काजू किंवा पाइन नट्स आणि चीज असतं. सोया सॉसमध्ये सोयाबीन तर असतंच, पण बहुतेक ब्रँडमध्ये गहूही असतो. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, आणि हे शाकाहारी घरांतही अनेकांना ठाऊक नसतं. व्हाइट सॉस म्हणजे दूध आणि मैदा. मोहरी युरोपातल्या ॲलर्जीच्या १४ पदार्थांच्या सक्तीच्या यादीत आहे. तुमच्या मुलीला दूध, गहू आणि अंडं मानवलंय, तेव्हा तिच्यासाठी व्हाइट सॉसचं दार उघडं आहे. फक्त घरी करा आणि तिच्या वाट्यात मीठ घालू नका. हमससाठी मात्र आधी तिळाची एकटी भेट व्हायला हवी.

आणि शेंगदाणे. एक्झिमा आहे म्हणून तुम्ही ते लांब ठेवलेत, यात तुमची चूक नाही. एके काळी डॉक्टरही हेच सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली, ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त त्यांना ३ वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका, असा सल्ला दिला होता. उपयोग होतोय असा पुरावा मिळेना, म्हणून २००८ मध्ये तो मागे घेतला. मग २०१५ मध्ये लंडनच्या लीप अभ्यासाचे निष्कर्ष आले आणि चित्र पार उलटं झालं. त्यात ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती, सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी पाहिलं तर खाणाऱ्या मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. एक्झिमाच्या फुटलेल्या त्वचेतून शेंगदाण्याचे कण शरीरात शिरले तर शरीर त्यांना शत्रू समजायला लागतं, आणि तेच पोटातून आधी पोचले तर ओळखीचे होतात, असं आता मानलं जातं. म्हणजे एक्झिमा असलेल्या बाळाला उशीर करणंच महागात पडू शकतं.

तुमच्या मुलीचा एक्झिमा सौम्य आहे आणि अंडं तिला मानवलंय. अशा बाळांना साधारण सहाव्या महिन्यापासून घरीच शेंगदाणा सुरू करता येतो. तरीही चट्टे अंगभर पसरत असतील किंवा सारखी स्टिरॉइडची मलमं लागत असतील, तर तो सौम्य राहिलेला नाही. मग आधी डॉक्टरांशी बोला, ते तपासणी करून ठरवतील.

करायचं कसं, ते नीट सांगते, कारण इथेच गडबड होते. पीनट बटर गुळगुळीत घ्या, दाणे न लागणारं. घटकांत फक्त शेंगदाणे असावेत, फार तर थोडं तेल. मीठ, साखर, मध नको. दोन छोटे चमचे बटर वाटीत काढून त्यात दोन-तीन छोटे चमचे गरम पाणी घाला. सुरुवातीला ते फाटल्यासारखं, आणखीच घट्ट झालेलं दिसेल. हात थांबवू नका, ढवळत राहा, थोड्या वेळाने ते एकजीव होऊन चमच्यावरून धारेने पडायला लागेल. तेवढं पातळ हवं. घट्ट पीनट बटरचा गोळा बाळाच्या टाळूला चिकटतो, घशात अडकू शकतो. तो चमच्याने थेट तोंडात कधीच द्यायचा नाही, मोठ्या मुलालासुद्धा नाही. कोमट झालं की चमच्याच्या टोकावर येईल एवढं चाटवा आणि दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर बाकीचं दह्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात मिसळून तिच्या गतीने भरवा. संपलंच पाहिजे असं नाही. त्यानंतरचे दोन तास कुणीतरी मोठं माणूस तिच्याजवळ हवं, ती जागी हवी, आणि त्या दिवशी सर्दी-ताप नको. एकदा मानवलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा. एकदा देऊन महिनोन्महिने विसरून गेलं तर त्या ओळखीचा उपयोग नाही.

प्रतिक्रिया आलीच तर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत येते. अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, उलटी. नुसत्या दोन-चार गांधी आल्या तर पदार्थ थांबवून डॉक्टरांना फोन करा. पण श्वासाला घरघर, सारखा खोकला, आवाज बदलणं, बाळ एकदम पांढरंफटक किंवा ढिलं पडणं, किंवा गांधींबरोबर उलट्या, असं काही असेल तर वाट बघू नका, रुग्णवाहिका बोलवा. आणखी एक प्रकार कमी जणांना माहीत असतो. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी बाळाला उलट्यांवर उलट्या होतात, ते मलूल होतं, अंगावर मात्र काहीच नसतं. पोट बिघडलं असेल म्हणून तो सोडून दिला जातो. तसं झालं तरी त्याच दिवशी दाखवा, आणि काय खाल्लं होतं ते लिहून ठेवा.

टोमॅटोच्या लालीचा उल्लेख तुम्ही केलात. ही लाली जिथे रस लागला तिथेच, हनुवटीवर आणि ओठांभोवती येत असेल, सपाट असेल, बाळ खाजवत नसेल आणि पुसल्यावर अर्ध्या-एक तासात जात असेल, तर ती बहुतेक टोमॅटोच्या आंबटपणाने झालेली जळजळ असते. लिंबू, संत्रं, स्ट्रॉबेरी यांनीही होते. एक्झिमाच्या बाळांची त्वचा नाजूक, त्यांना जास्त. खाण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलीनचा पातळ थर लावा आणि मध्ये मध्ये खसाखसा न पुसता शेवटी ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या. लाली टोमॅटो न लागलेल्या जागी, पोटावर वा पाठीवर उठली किंवा फुगीर असली, तर मात्र टोमॅटो थांबवून डॉक्टरांना विचारायचं.

सासूबाई आणि तुमचे यजमान या दोघांत मी कुणाच्या बाजूने? मला विचाराल तर दोघं अर्धे अर्धे बरोबर आहेत. सासूबाईंना सांगा, अळणी या शब्दापुरतं तुमचं शंभर टक्के मान्य. सपक या शब्दाला मात्र माझा विरोध आहे. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत चवींना अनोळखी राहिलेलं नसतंच. आईने खाल्लेल्याचा वास गर्भजलात उतरतो आणि दुधातही. ज्युली मेनेला या संशोधिकेने २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही आयांना गरोदरपणात आणि काहींना स्तनपानाच्या दिवसांत नियमित गाजराचा रस दिला. पुढे त्यांच्या बाळांना गाजर घातलेला आहार पहिल्यांदा दिला तेव्हा, ज्यांच्या आयांनी नुसतं पाणी प्यायलं होतं त्यांच्यापेक्षा, या बाळांनी नाकं कमी मुरडली. तेव्हा तुमच्या घरचा लसूण, जिरं, पुदिना तुमच्या मुलीच्या जुन्या ओळखीचे आहेत. सहा महिने ते दीड वर्ष हा चवी स्वीकारण्याचा फार चांगला काळ. पुढे दुसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं नव्या पदार्थाकडे संशयाने बघायला लागतात. त्या आधीचे महिने सपक पेजेवर घालवणं मला तरी नुकसानीचं वाटतं. आणि चव लागली म्हणून बाळ दूध सोडत नाही. दूध सुटतं ते घन आहार पोटभर कोंबून वर दूध विचारलं तर. वर्षापर्यंत दूध मुख्य, हा क्रम तुम्ही सांभाळताय ना, मग झालं.

यजमानांचं अर्धं चुकतं ते मिठापाशी. चव म्हणजे मीठ, असं आपल्या जिभेने ठरवून टाकलंय. बाळाच्या जिभेने नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात मिळून १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, असं ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. १ ते ३ वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त २ ग्रॅम. आता सोया सॉसचा हिशोब करा. एका छोट्या चमच्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे पाऊण ग्रॅम. एका छोट्या चमच्यात बाळाचं दिवसाचं बहुतेक मीठ संपलं, आणि दुधातून, दह्यातून, ब्रेडमधून येणारं अजून मोजलंच नाही. बाळाचे मूत्रपिंड जादा मीठ बाहेर टाकायला पुरते तयार नसतात, आणि खारटपणाची आवड एकदा रुजली की मोडायला जड जाते. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या सोया सॉसमध्येही मीठ बाळासाठी जास्तच असतं, त्या चिठ्ठीवर जाऊ नका. बाटलीमागे १०० ग्रॅममागचा आकडा बघा. सोडियम १२० मिलिग्रॅमच्या आत असेल तर कमी, ६०० च्या वर असेल तर जास्त. बहुतेक तयार सॉस ६०० च्या बरेच पुढे असतात.

साखरेचं थोडक्यात. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर नकोच, असं आता बालआहाराचे जाणकार सांगतात. फळांचा आटवलेला रस, कॉर्न सिरप, राइस सिरप ही साखरेचीच नावं. कृत्रिम गोडी घातलेले ‘शुगर फ्री’ सॉससुद्धा मुलांना नकोत.

तिखटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण यजमान विचारतील. मिरचीचा तिखटपणा ही खरं तर चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या, उष्णता ओळखणाऱ्या एका ग्राहीला चेतवतं आणि मेंदूला वाटतं की भाजलं. हा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे सात महिन्यांच्या बाळाला मिरची चाटवून आपण त्याला चव देत नाही, चटका देतो. ते वेदनेने रडतं आणि त्या वाटीतल्या बाकीच्या चवींवरही फुली मारतं. शिवाय बाळाचे हात पाच मिनिटांत डोळ्यांत जातात आणि दुसऱ्या दिवशी लंगोटाच्या जागी लालभडक होतं. मिरची वर्षभर तरी राहू द्या, पुढेही कणाकणाने आणि मुलाने मागितली तर. चुकून लागलीच तर पाणी पाजू नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही द्या. सुगंधी मसाल्यांना हा नियम नाही. जिरेपूड, धणे, दालचिनी, बडीशेप, पुदिना, कोथिंबीर, शिजवलेला लसूण, लिंबाचे दोन थेंब, सगळं चिमटीने चालतं. मसाले मात्र खात्रीचे घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या, दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या सॉसच्या पाकिटांत शिसं सापडलं होतं, आणि ते दालचिनीतूनच आलं होतं.

मग तिला द्यायचं काय? दह्यापासून सुरुवात करा, ते तिला चालतंय. सायीच्या दुधाचं, बिनसाखरेचं दही. दोन वर्षांच्या आत कमी स्निग्धांशाचे प्रकार नकोत, वाढीला स्निग्धांश लागतो. एक दिवस त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, दुसऱ्या दिवशी बारीक वाटलेला पुदिना, कधी शिजवून कुस्करलेलं बीट. ॲव्होकॅडो मिळत असेल तर तो कुस्करून लिंबाचे थेंब, एवढ्यात डिप तयार. शिजवलेले चणे किंवा राजमा यांची सालं काढून, लसणाची एक शिजवलेली पाकळी आणि थोडं तेल घालून वाटा. या वयात बाळाला लोहाची गरज अचानक वाढते आणि दुधातून ती भागत नाही, म्हणून कडधान्याचं डिप मी सगळ्यात वर ठेवीन. त्यात लिंबू पिळलं की लोह शोषायला मदत होते. तीळ मानवले की त्याच वाटणात ताहिनी घाला, झालं हमस. चव पहिल्यांदा नाकारली तर नाराज होऊ नका. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त, समोर यावं लागतं. तोंड वाकडं करणं म्हणजे नावडलं असंही नाही, नवं आहे एवढाच त्याचा अर्थ.

बुडवायचं कशात आणि कशाने, हेही महत्त्वाचं. कच्च्या गाजराच्या कांड्या, सफरचंदाच्या कडक फोडी, चिप्स, कडक बिस्किटं बाळाला नकोत. तुटलेला कडक तुकडा घशात अडकतो. गाजर, ब्रोकोली, रताळं बोटांत चिमटीने सहज दबेल इतकं वाफवा आणि तिच्या मुठीबाहेर येईल एवढा लांब तुकडा ठेवा. बसून, मान सरळ असताना, तुम्ही समोर असताना. खाताना ती ओकारी काढल्यासारखं करेल, आवाज येईल, चेहरा लाल होईल. तो तिचा स्वतःचा बचाव आहे, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, श्वास अडला, ओठ निळसर दिसले तर तो गुदमरण्याचा प्रकार. पाठीवर पाच थपक्या आणि छातीवर पाच दाब, हे तंत्र घरातल्या सगळ्यांनी प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून ते जमत नाही.

आता तुमच्या लेकाचं केचप. बंदी घालू नका. अडीच वर्षांच्या मुलाला ‘नाही’ म्हटलं की त्या बाटलीचं मोल दुप्पट होतं. केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर आणि ०.४ ग्रॅम मीठ असतं. दिवसात तीनदा, दर वेळी दोन चमचे धरले तर मिठाची त्याची सगळी मर्यादा नुसत्या केचपने ओलांडली जाते. म्हणून बाटली टेबलावरून हलवा आणि त्याच्या ताटात एक छोटी वाटी ठेवा, त्यात एक छोटा चमचा केचप. संपलं की संपलं, त्यावर वाटाघाटी नाहीत. शेजारी दुसरी वाटी, दह्याची किंवा चण्याची. त्याने हात लावला नाही तरी ती रोज दिसू द्या. बुडवून खायला मुलांना आवडतं हे काही वाईट नाही, उलट त्याचा फायदा करून घ्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कडू चव जास्त जाणवणाऱ्या बालवाडीच्या वयाच्या मुलांनी ब्रोकोली नुसती दिल्यापेक्षा डिपबरोबर दिल्यावर बरीच जास्त खाल्ली होती. काही आया केचपमध्ये हळूहळू शिजवलेला साधा टोमॅटो मिसळून ते पातळ करत नेतात. युक्ती चांगली आहे, पण त्याच्यासमोर करा, त्यालाच ढवळायला द्या. चोरून केलेलं मुलांना कळतं आणि मग बाकीच्या ताटावरचाही विश्वास उडतो.

वेगळ्या वाट्यांचा आणखी एक फायदा. अर्धवट चावलेला तुकडा पुन्हा पुन्हा बुडवला की लाळेतले जिवाणू डिपमध्ये जातात. म्हणून प्रत्येकाला आपली आपली वाटी, आणि ताटातलं उरलेलं परत डब्यात टाकायचं नाही. घरी केलेलं डिप फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करत असाल तर ते दोन्ही मुलांना नको, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडा. तेलाखाली हवा पोचत नाही आणि मधाच्या बाबतीत ज्या जिवाणूची चर्चा केली तोच तिथे वाढू शकतो. असं तेल थोडंसं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

शेंगदाणा या आठवड्यात सुरू करायला हरकत नाही, चट्टे शांत असतील आणि तुम्ही दोघंही घरी असाल अशी एखादी सकाळ निवडा. तिळाला त्यानंतर तीन-चार दिवसांचं अंतर द्या. मोहरी मुद्दाम वेगळी द्यायची घाई नाही, तिळानंतर कधीतरी.